कोप्यांवरची कम्युनिटी पोस्टिंग

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तिसऱ्या वर्षाची आमची रूरल पोस्टिंग कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) होती आणि ती पण नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऊसतोड ऐन भरात असताना. बऱ्याच ज्युनिअर मुली विचारतात की दीदी कम्युनिटीत नक्की काय करायचं असतंय, वॉर्डात निदान बेड असतो, पेशंट बेडवर असतो, फाईल पायाशी असते. म्हणून सगळं सविस्तर लिहिते, कारण या पोस्टिंगने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुठल्या ड्युटीने शिकवलं नाही असं मला मनापासून वाटतं.

आमच्या ग्रुपला जे उपकेंद्र मिळालं त्याच्या हद्दीत गाव होतं, दोन मळ्याच्या वस्त्या होत्या आणि गावाबाहेर ओढ्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या होत्या. पुस्तकात आपण पाठ करतो की सपाट भागात ५००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३०००. पण दिवाळीनंतर बीड, पाथर्डी, परभणीकडून जी माणसं इथं येऊन चार-पाच महिने राहतात ती या आकड्यात कुठंच धरलेली नसतात, सिस्टर मात्र एकच असते. उपकेंद्राच्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी गावाचा नकाशा दाखवला, त्यात कोप्यांभोवती लाल गोल केलेला होता. लसीकरणाच्या मायक्रोप्लॅनमध्ये वीटभट्ट्या, बांधकामाच्या साइट, भटक्यांची पालं आणि ऊसतोडीच्या कोप्या या हाय रिस्क जागा म्हणून वेगळ्या लिहाव्या लागतात, ते मी तिथं पहिल्यांदा डोळ्यानं बघितलं.

सर्वे फॉर्ममध्ये पहिला रकाना घर क्रमांक. कोपीला कुठला आलाय घर क्रमांक? पाचट आणि ताडपत्रीचा तो तंबूसारखा आडोसा, आत वाकून जायचं. मग सिस्टरनी जशी पद्धत सांगितली तसं आम्ही लिहिलं, टोळीच्या मुकादमाचं नाव आणि नंबर, कोणत्या कारखान्याची टोळी, मूळ गाव, तालुका, जिल्हा, घरच्या एखाद्या माणसाचा फोन आणि तिकडच्या आशाताईचं नाव माहीत असेल तर ते. हे शेवटचे दोन रकाने छापील फॉर्मात नव्हते, आम्ही स्केलने रेघा मारून वाढवले. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्या दोन रकान्यांचाच झाला, ते पुढे सांगते.

सकाळी दहाला कोप्यांवर गेलात तर कोणीही भेटत नाही. माणसं पहाटे चारला फडात गेलेली असतात. मागं असतात म्हातारी माणसं आणि लहान भावाला कडेवर घेतलेली दहा-अकरा वर्षांची पोरगी, तिला विचारून काय सर्वे होणार. बाया तीन-चारला परत येतात, मग पाणी, सरपण, वाढं (उसाचे शेंडे) विकायचं, भाकरी. गडीमाणसं गाडी घेऊन कारखान्यावर नंबर लावून बसतात ती कधी रात्री उशिरा येतात. त्यामुळे सिस्टरनी आमच्या ट्यूटर मॅडमशी बोलून आमची कोप्यांची व्हिजिट दुपारी साडेतीननंतर ठेवली, सकाळी गाव आणि अंगणवाडी. हे ऐकायला साधं वाटतंय पण माझ्या मते कम्युनिटीतला पहिला धडा हाच आहे, होम व्हिजिटची वेळ ज्या घरात जायचंय त्या घराच्या कामावरून ठरली पाहिजे.

आता बॅग टेक्निक, म्हणजे होम व्हिजिटची बॅग वापरायची पद्धत. प्रॅक्टिकलला आपण डेमो देतो, टेबल असतं, बेसिन असतं, नळ असतो. कोपीत यातलं काही नाही आणि जमीन पण सपाट नाही. तरी नियम तेच राहतात कारण नियमामागचं कारण एकच आहे, एका घरातलं इन्फेक्शन बॅगेतून दुसऱ्या घरात जाऊ द्यायचं नाही. वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग, आधी फक्त साबण-टॉवेलचा कप्पा उघडायचा, हात धुवायचे, मगच आतलं सामान काढायचं, एकदा बाहेर आलेली वस्तू स्वच्छ केल्याशिवाय आत जाणार नाही, कागद घडी घालताना जमिनीकडची बाजू आत. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, हात धुवायचं पाणी स्वतःच्या बाटलीतून न्या. तिथं पाण्याची एक घागर म्हणजे त्या बाईची किंवा तिच्या पोरीची एक खेप असते, ती घागर आपल्या हातावर ओतायला लावणं मला बरं वाटत नव्हतं. त्या बाया तरी आग्रह करायच्या, ‘घ्या की ओ बाई, पानीच हाय.’

माझ्या फॅमिली केअर स्टडीसाठी मी जी फॅमिली घेतली ती बीड जिल्ह्यातली, नवरा-बायको, तीन वर्षांचा मुलगा आणि बायको (त्यांना मी ताई म्हणायचे) पुन्हा गरोदर. एएनसीची (गरोदरपणातल्या तपासणीची) नोंद गावाकडं झालेली पण माता बाल संरक्षण कार्ड सासूकडं राहिलेलं. पाळीची तारीख विचारली तर आठवेना. इथं सिस्टरचा हातखंडा बघण्यासारखा होता, त्या सणावरून विचारायला लागल्या, नागपंचमीच्या आधी की नंतर, राखी झाली होती का, दहीहंडी झाली होती का. ताईंनी लगेच सांगितलं की गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावरनं पाणी घेतलं होतं, म्हणजे पाळी आली होती. कॅलेंडरमध्ये बघितलं तर २८ ऑगस्ट. त्यात ९ महिने आणि ७ दिवस मिळवले की डिलिव्हरीची अंदाजे तारीख ४ जून. पोट तपासलं तर फंडल हाइट (गर्भाशयाचं वरचं टोक) बेंबीच्या जरा खाली, जानेवारीच्या शेवटाला साधारण बावीस आठवडे भरत होते, म्हणजे हिशोब जुळला. सूत्र सगळ्यांना पाठ असतंय, पण आधी ती तारीख बाईच्या आठवणीतून काढावी लागते.

हिमोग्लोबिन ८.४ आलं. गरोदरपणात ११ च्या खाली आलं की अ‍ॅनिमिया, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम, ७ च्या खाली तीव्र आणि तिथं थांबायचं नाही, सरळ रेफर. मध्यमला लोहाच्या दोन गोळ्या रोज. आता गोळ्या देणं सोपं आहे, पोटात जाणं अवघड. त्यांनी गावाकडच्या गोळ्या आणल्या होत्या, पाकीट जवळपास भरलेलं. का घेत नाही म्हणून दरडावून विचारलं असतं तर काही कळलं नसतं, सिस्टरनी नुसतं विचारलं की गोळी कधी घेता आणि घेतल्यावर कसं वाटतंय. मग कळलं की पहाटे साडेतीनला काळ्या चहासोबत रिकाम्या पोटी घेत होत्या, फडात जाऊन मळमळायचं, उलटी झाली की काम थांबायचं, म्हणून सोडून दिल्या. चहाने लोह नीट शोषलं पण जात नाही. मग वेळ बदलली, रात्री जेवण झाल्यावर झोपताना गोळी, वर चहा नाही, जमलं तर जेवणात लिंबू. कॅल्शियमची गोळी लोहासोबत घ्यायची नाही म्हणून ती दुपारच्या भाकरीनंतर. संडास काळी होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलं, कारण काळी संडास बघूनच कितीतरी बाया गोळ्या बंद करतात.

आहाराचं सांगताना चार्टमध्ये डाळिंब, सफरचंद, बीट असतंय. मी ते चार्ट बाहेर काढलंच नाही, आधी विचारलं आज काय खाल्लं. बाजरीची भाकरी, ठेचा, कधी बेसन. पण उसाच्या बांधावरच्या भाज्या ताईंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होत्या, चिघळ, तांदुळजा, पाथरी, हरभऱ्याचा पाला. मग ठरलं की येताना ओंजळभर पाला आणायचा, ठेच्यात शेंगदाणे वाढवायचे, मटकी भिजवून मोड आणायचे. यात त्यांचा एक रुपया जादा जात नव्हता, म्हणून ते टिकलं.

आणि ‘जड उचलू नका’ हे वाक्य. आपण प्रत्येक गरोदर बाईला म्हणतो. इथं नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांनी मिळून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, एक जण बसला तर खाडा आणि खाड्याचे पैसे कापले जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं हेच काम आहे, मग जड उचलू नका म्हणून ती बाई काय करणार? हेल्थ एज्युकेशन तिथंच संपलं असतं, पण सिस्टर मुकादमाकडं गेल्या. भांडल्या वगैरे नाहीत. त्याच्या भाषेत बोलल्या, की बाई फडात पडली तर दवाखाना, गाडी, पोलीस सगळं तुझ्याच गळ्यात, त्यापेक्षा तिला तोडायला आणि मोळी बांधायला ठेव, वाहायचं काम टोळीतल्या दुसऱ्या जोडीला दे. त्याने लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या खेपेला नवऱ्याला पण सोबत घेतलं, टोळीतल्या एका वयस्कर मावशी मध्ये पडल्या, तेव्हा कुठं जमलं. अ‍ॅडव्होकेसी म्हणजे काय असं व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं की माझ्या डोळ्यासमोर आता तो कारखान्याच्या रस्त्यावरचा चहाचा गाडा येतो जिथं हे बोलणं झालं.

अजून एक गोष्ट प्रत्येकीने करावी असं मला वाटतं. १०२ आणि १०८ हे अ‍ॅम्ब्युलन्सचे नंबर आपण सांगतो, बाया मान हलवतात. पण गाडी बोलवायची तर पत्ता काय सांगणार? त्यांना गावाचं नाव पण नीट माहीत नव्हतं, ‘कारखान्याच्या मागं’ एवढंच. आम्ही एका पुठ्ठ्यावर गावाचं नाव, तालुका, कोणत्या ओढ्याच्या कडेला, जवळची खूण, सिस्टर आणि आशाताईंचा नंबर असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो मुकादमाच्या कोपीत अडकवला, आणि शाळेत गेलेल्या दोन पोरींकडून फोनवर कसं बोलायचं त्याची चक्क प्रॅक्टिस करून घेतली.

लसीकरणाचं सेशन पण संध्याकाळकडं घेतलं, आठवडी बाजाराचा दिवस सोडून. सकाळी पीएचसीला आइसपॅक कंडिशन करायला (थोडे वितळू द्यायला) काढायचे, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच कॅरिअरमध्ये चार बाजूंना चार. गडबडीत दगडासारखे गोठलेले पॅक भरले तर पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही, टीडी या लसी गोठून निकामी होतात आणि बाहेरून बघून ते पटकन कळत पण नाही. व्हायलवरचा (लसीच्या बाटलीवरचा) व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण बघायची, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तरच वापरायची. एमआरची (गोवर-रुबेलाची) व्हायल फोडली की त्यावर वेळ लिहायची, चार तासांनंतर टाकून द्यायची, एकच बाळ आलं तरी फोडायची. ‘एका बाळासाठी कशाला व्हायल वाया घालवायची, पुढच्या वेळी ये’ असं कोप्यांवरच्या बाईला सांगणं म्हणजे ते बाळ सुटलंच समजा.

तिथं एक पाच महिन्यांचं बाळ होतं, दीड महिन्याचे डोस गावाला झालेले, मग टोळी निघाली आणि पुढचं राहिलं. कार्ड नाही. आईला विचारलं किती इंजेक्शनं झाली तर ‘झाली की समदी’. डाव्या दंडावर बीसीजीचा डाग होता. घरच्या माणसाचा नंबर लिहून घेतला होता ना, त्यावर फोन केला, तिच्या दिराने कार्डाचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला, दहा मिनिटांत सगळं स्पष्ट. इथं एक नियम डोक्यात पक्का करा, डोस कितीही लांबला तरी शेड्यूल पहिल्यापासून सुरू करायचं नाही, जिथं थांबलंय तिथून पुढं चालू. म्हणून त्या दिवशी पेंटा २ डाव्या मांडीत, पीसीव्हीचा दुसरा उजव्या मांडीत, आयपीव्हीचा दुसरा उजव्या दंडात त्वचेत ०.१ मिली, पोलिओचे दोन थेंब आणि रोटाचे पाच थेंब. आईला तीन सुया बघून धडकी भरली, ‘येकाच टायमाला? लेकरू मरंल की.’ तिची भीती खरी होती, रात्री लेकरू रडलं तर पहाटे साडेतीनला उठायचं कसं. सिस्टरनी तिला जवळ बसवून सांगितलं की वेगवेगळ्या जागी एका दिवशी देता येतात, ताप आला तर हे औषध एवढं द्यायचं, सुईच्या जागेवर काही चोळायचं लावायचं नाही, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. अर्धा तास थांबवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्या कोपीवर आधी गेलो, बाळ ठीक होतं, आणि त्यानंतर शेजारच्या दोन बाया आपणहून लेकरं घेऊन आल्या. मला वाटतं दुसऱ्या दिवशी कोणी विचारायला आलं याचाच तो परिणाम होता.

ताईंच्या मुलाचा दंडघेर ११.९ सेंमी भरला. ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. गावातल्या अंगणवाडी सेविकेने त्याला लगेच नोंदवून घेतलं, स्थलांतरित म्हणून परत पाठवलं नाही, त्या बाईंचं करावं तेवढं कौतुक कमी.

पाण्याचा विषय पंचगंगेच्या काठावर नवा नाही. कोप्यांना पाणी शेजारच्या विहिरीवरून आणि टँकरने. गावच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडत होती, जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करायचा, पण विहिरीचं कोणी बघत नव्हतं. आम्ही त्याला घेऊन ओटी टेस्ट केली, काहीच रंग आला नाही. क्लोरीन असेल तर रंग पिवळा दिसायला पाहिजे, अर्ध्या ते एक तासाच्या संपर्कानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. ग्रामसेवकांशी बोलून विहिरीत टीसीएल सुरू झाली, आणि घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या दिल्या, अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटरला, अर्धा तास झाकून ठेवून मग प्यायचं. वासाची तक्रार आलीच. संध्याकाळी टाका, सकाळपर्यंत वास कमी होतो, असं सांगितलं. हगवण लागलेल्या पोरांना ओआरएस आणि झिंक १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आया झिंक पण मध्येच बंद करतात, म्हणून आम्ही गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने दिवस लिहून दिले.

हेल्थ टॉकचा माझा विषय होता मासिक पाळीतली स्वच्छता. फ्लॅश कार्ड बनवली होती. पण बायांनी थोडं ऐकून झाल्यावर एकच प्रश्न विचारला, ‘पिशवी काढून टाकली की सगळं मिटतंय का?’ त्यातल्या दोघींची काढलेली होती, दोघी पस्तिशीच्या आतल्या. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा विषय २०१९ ला विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे मी पेपरात वाचलेलं. समोर बसलेल्या बाईने ‘माझी काढली, आता कंबर उठू देत नाही’ म्हटल्यावर ते कळणं वेगळं असतं. पाळीत आंघोळीला आडोसा नाही, फडात कापड बदलायला जागा नाही, ओलं कापड दिवसभर, त्यातून अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं, आणि उपाय म्हणून एकदम ऑपरेशन. सिस्टरनी शांतपणे सांगितलं की पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांचा इलाज असतो, नवऱ्याला पण सोबत औषध घ्यावं लागू शकतं, कमी वयात पिशवी आणि त्यासोबत अंडाशय काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, घाम, चिडचिड, अंगातली ताकद जाते, आणि कोणी ऑपरेशन सांगितलं तर घाई न करता सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. तिघींना आम्ही ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीला स्वतः घेऊन गेलो. तिघीही औषधावरच परत आल्या. आंघोळीच्या आडोशासाठी मुकादमाने जुनी ताडपत्री आणि चार बांबू दिले, बायांनी तो संध्याकाळीच उभा केला.

व्हायवाला एक्स्टर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) मला प्रिव्हेन्शनच्या (आजार टाळण्याच्या) पातळ्या विचारल्या. मी गोळ्या, ओटी टेस्ट आणि ओपीडी असं कोप्यांवरूनच सांगितलं, बाकी फोल्डर वगैरे सगळं ठीक झालं.

पण पोस्टिंग संपत आली तसं आम्हाला दिसायला लागलं की मार्चमध्ये टोळ्या जाणार. ताईंची डिलिव्हरी जूनमध्ये, म्हणजे गावाला. त्या बाळाचा नऊ महिन्यांचा एमआर मेअखेरीला, तो पण गावाला. पेंटा ३ फेब्रुवारीच्या शेवटी इथंच झाला, पण पुढचं कोण बघणार? तेव्हा आम्ही ते वाढवलेले दोन रकाने उघडले. प्रत्येक गरोदर आईची आणि प्रत्येक अर्धवट डोसच्या बाळाची एक चिठ्ठी केली, काय झालं, काय राहिलं, तारीख, हिमोग्लोबिन, धोक्याची लक्षणं. एक चिठ्ठी आईकडं प्लास्टिकच्या पिशवीत, तिचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, आणि सिस्टरनी तिकडच्या आशाताईंना स्वतः फोन केला. काही नंबर लागले नाहीत, काही आशाताई म्हणाल्या बरं झालं सांगितलं, आम्ही वाटच बघत होतो. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) नोंद असली तर मोबाईल नंबरवरून तिकडं दिसते, पण मोबाईल नंबर हंगामात दोनदा बदलतात, म्हणून फोन केलेला चांगला.

ताई गेल्या तेव्हा हिमोग्लोबिन ९.६ होतं. एप्रिलमध्ये त्यांच्या गावच्या आशाताईंचा सिस्टरना फोन आला की नोंद झाली, पुढची तपासणी झाली, सासूला पण समजावलं.

आता यावर्षीच्या बॅचला सांगायचं एवढंच की ती चिठ्ठ्यांची वही उपकेंद्रातल्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, निळ्या कव्हरची. त्यातल्या बऱ्याच टोळ्या दिवाळीनंतर त्याच ओढ्याकडेला परत येतात. पहिल्याच दिवशी सिस्टरकडून ती वही मागून घ्या आणि मागच्या वर्षी कोणाचं काय राहिलं होतं ते आधी बघा, मग सर्वे सुरू करा.